दहा पाउंडांचा व्हॉल्व्ह

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच ही डबी पहिल्या रांगेकडे देतो. आतली वस्तू हातात घेऊन बघा आणि मागं सरकवा. अंगठ्याच्या पेरात मावेल एवढी पत्र्याची टोपी आहे, भोकं पाडलेली, आत रबर बसवलेलं. हाच आजचा व्हॉल्व्ह, जुन्या गाडीच्या ब्रेकमधला. हिला वास येईल. तो ब्रेक ऑइलचा, माझा नव्हे.

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'विंटेज कारचे तज्ज्ञ' म्हटलं. माझी गाडी १९७८ ची अ‍ॅम्बॅसिडर, मार्क थ्री. केंद्राच्या २०२१ च्या नियमात विंटेज ठरायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात. म्हणजे गाडी अजून वयात यायची आहे. आणि तज्ज्ञ म्हणाल तर मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने केले, जन्मभर. ब्रेक शिकलो ते एका चुकीमुळं. ती चूक आधी सांगतो, मग व्हॉल्व्ह कसा बदलायचा ते सांगतो. विषय तोच जाहीर केलाय, लक्षात आहे माझ्या.

तर झालं असं, की मला ब्रेकचा पेडल लांब वाटायचा. खाली खोल जायचा. खरं तर मागच्या चाकांच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे ब्रेक शू झिजले होते, ते अ‍ॅडजस्ट केले असते तर भागलं असतं. पण मी गॅरेजमध्ये जाऊन रुबाबात सांगितलं, "पेडल टाइट करून दे." गिऱ्हाईक सांगतंय म्हटल्यावर पोरानं पुश रॉड, म्हणजे पेडलची मास्टर सिलिंडरात जाणारी दांडी, फिरवून पेडल टाइट करून दिला. मी खूष. घरी येईपर्यंत तिसऱ्या रेल्वे गेटला गाडी जड झाली. गेट उघडलं, मागून हॉर्न सुरू झाले आणि गाडी हलेना. उतरून बघतो तर चारी चाकं तव्यासारखी तापलेली. सौ. म्हणाल्या, भाकरी टाकू का?

आता ह्याचं कारण ऐका, कारण सगळी गंमत इथंच आहे. पेडल दाबला की चाकांकडं ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर. त्यात टाकीतून ऑइल यायला एक बारीक भोक असतं, सुई जाईल न जाईल एवढं. पेडल सोडला की आतलं रबर मागं सरकून हे भोक उघडं पडायला हवं. म्हणजे तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. पुश रॉडला थोडी ढील नसली तर रबर त्या भोकावरच बसून राहतं. ऑइलला वाट नाही, ब्रेक सुटत नाही. पेडलला जो थोडा रिकामा खेळ लागतो, तो आपल्याला ढिलाई वाटते. वाटली मला.

दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या गॅरेजला. तिथला मेस्त्री कानडी, मोठा हुशार माणूस, सगळे त्याला अण्णा म्हणतात. त्यानं सिलिंडर खोलला, तळातून ही टोपी काढली, डोळ्यासमोर धरली आणि म्हणाला, "बेड री इदु." हे नको. आणि टाकली कचऱ्यात! म्हणाला, "हा वॉल प्रेशर धरून ठेवतोय, म्हणून चाकं धरतायत." सिलिंडर परत बसवला, बसवताना पुश रॉड आपसूक पहिल्यासारखा ढिला ठेवला, आणि गाडी मोकळी पळाली.

बघा की! काम केलं पुश रॉडनं आणि श्रेय मिळालं व्हॉल्व्ह काढल्याला. त्या दिवसापासून अण्णाकडं जी जुनी गाडी यायची, तिचा वॉल आधी कचऱ्यात जायचा. दाखला कुठला, तर माझ्या अ‍ॅम्बॅसिडरचा. मी मात्र चौकात सगळ्यांना सांगत सुटलो, अण्णासारखा मेस्त्री नाही.

महिना गेला. मेहुणीच्या नातवाचं बारसं होतं साखळीला. पावसाळा संपत आलेला, आम्ही जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याला लागलो. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमावर हात जोडले, ते पुढं उपयोगी पडलं. घाट उतरताना दुसरा गिअर, पुढं बस. ब्रेक दाबला, पेडल गेला खाली, अगदी पत्र्याला टेकला. परत दाबला, अर्ध्यावर थांबला. तिसऱ्यांदा कडक. म्हणजे ब्रेक होता, पण उसना. प्रत्येक वळणावर मी शिलाई मशीन चालवतोय तसा पाय मारत होतो. सौ. त्यांच्या बाजूचा नसलेला ब्रेक दाबत होत्या आणि तो माझ्यापेक्षा घट्ट दाबत होत्या. मागच्या सीटवर कुंद्याचा दोन किलोचा डबा होता, तो एका वळणावर पुढं आला. बारशाला पोचलो तेव्हा मुलाचं नाव ठेवून झालं होतं.

(अध्यक्ष, मी घड्याळ बघतोय. तुम्ही बघू नका.)

तर ही टोपी करते काय? जुन्या, चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीत पेडल सोडल्यावर ती पाइपात साधारण दहा पाउंड प्रेशर अडवून ठेवते. टायरमध्ये आपण तीसच्या आसपास भरतो, त्याच्या तिसरा हिस्सा. शू मागं ओढणाऱ्या स्प्रिंगा ह्याहून जोरदार असतात, त्यामुळं एवढ्यानं चाक धरत नाही. पण चाकाच्या सिलिंडरातल्या रबराच्या कडा भिंतीला चिकटून राहतात. ते प्रेशर नसलं आणि पेडल झटक्यात सोडला, की त्या कडा सैल पडून बाहेरची हवा आत शिरते. हवा दबते, ऑइल दबत नाही. म्हणून पहिला पेडल खाली. पुढं काही गाड्यांत रबराच्या आत पत्र्याचा फुलवणारा तुकडा देऊन हेच काम केलं, तिथं हा व्हॉल्व्ह नसतो. पण कंपनीनं दिलाय तिथं तो काढायचा नाही. आमच्याकडं 'काढून टाक' हा एक रोग आहे. थर्मोस्टॅट काढून टाक, एअर फिल्टर काढून टाक. शिनोळीच्या नाक्यापलीकडं महाराष्ट्रात गेलात तरी हेच. ह्या बाबतीत सीमावाद नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता भराभर सांगतो.

मास्टर सिलिंडर टेबलावर घ्या. आतलं ऑइल कुंद्यासारखं तपकिरी निघालं तर ते पाणी पिऊन बसलंय. डॉट थ्री, म्हणजे आपलं नेहमीचं ब्रेक ऑइल, कोरं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, मुरलेलं १४० पर्यंतच टिकतं. धुवायला स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल नाही, रबर फुगतं. भिंतीला खड्डे असतील तर पॉलिश पेपर घासत बसू नका. आपल्या गावात लेथ कमी आहेत का? आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालून घ्या. बसवताना तळाला रबरी वॉशर, त्यावर व्हॉल्व्ह, मग स्प्रिंग, मग रबर, पातळ वॉशर, पिस्टन. व्हॉल्व्ह उलटा बसला तर अख्खं काम परत. वॉशर विसरला तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. तांब्याचे वॉशर नवे वापरा. पुश रॉडला ढील ठेवा, मी सांगितलं नाही असं म्हणू नका.

हवा काढताना लांबच्या चाकापासून, आपल्याकडं मागचं डावं आधी. चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू, म्हणजे निपल, बंद केल्यावरच पेडल सोडायचा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उठतो. शेवटी परीक्षा: पेडलवरचा पाय काढा, थोडं थांबा, निपल हलकेच उघडा. छोटी पिचकारी उडाली तर व्हॉल्व्ह प्रेशर धरतोय.

पुढं डिस्क ब्रेक बसवून घेणारे हौशी असतील तर त्यांना वेगळं आहे. पुढच्या लाइनीत दहा पाउंडांचा व्हॉल्व्ह ठेवलात तर पॅड घासत राहतील. तिथं दोनाचा, तोही मास्टर सिलिंडर चाकांपेक्षा खाली असला तरच. आणि ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी पडून आधी लॉक होतात. म्हणून मागच्या लाइनीला प्रेशर कमी करणारा वेगळा व्हॉल्व्ह लागतो, त्याचं चित्र काढून आणलं होतं... नको, अध्यक्ष उभे राहिले.

अण्णाचं? गेलो की त्याच्याकडं. पुश रॉड टाइट करून दाखवला, चाकं धरली. ढिला केला, सुटली. दोनदा करून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आत गेला आणि ग्रीसच्या डब्यातून अशा अकरा टोप्या काढून आणल्या. कचऱ्यात टाकल्यावर मागून उचलून ठेवायचा म्हणे, फेकवत नव्हतं. त्यातलीच ही एक.

ती डबी कुठं पोचली? शेवटच्या रांगेत कुणाकडं आहे? वहिनी, पर्समध्ये नको हं, परत द्या.