मायनस तीसमधला तान्हा पोळा

नमस्कार मंडळी, आधी तीळगूळ घ्या आणि गोड बोला, निदान माझं बोलणं संपेपर्यंत तरी. बोरन्हाण सुरू व्हायच्या आधी लहान पोरं घेऊन नवीन आलेल्यांसाठी दोन शब्द बोल असं सेक्रेटरी ताईंनी मला सांगितलं, आता दोन शब्दांत नागपूरकराचं भागत नाही हे त्यांना माहीत असायला पाहिजे होतं.

मी नागपूरच्या महाल भागातला. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं, त्या दिवशी मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून खिशात कांदा टाकून गाडीवर सीताबर्डीला गेलो होतो, कशाला गेलो ते आठवत नाही, कांदा आठवतो. आणि २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर आला तर आमच्या गल्लीत लोक जगबुडी आल्यासारखे शेकोटीभोवती बसून राहिले होते. असा माणूस तीन वर्षांचा मुलगा आणि पाच महिन्यांची मुलगी घेऊन नोव्हेंबरात इथे कॅनडात विनिपेगला उतरला, आता विचार करा.

पहिला हिवाळा आम्ही काय केलं, तर पोरांना घरात कोंडलं. सरळ सांगतो, लाजून काय करायचं. महिना दीड महिना मुलगा खिडकीला नाक लावून बसलेला, मग टीव्ही, मग रडारड, आणि साडेचारला अंधार पडला की हा म्हणायचा बाबा रात्र झाली, जेवायला द्या. पाचला जेवला की आठला परत भूक! त्यात हिटिंगची हवा इतकी कोरडी की एक दिवस सकाळी उशीवर रक्त, नाकातून आलेलं, बायको घाबरून रडायलाच लागली. मग हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर आणला. आमच्या घरी त्याला आजही कूलरच म्हणतात, फक्त वाळ्याचा वास येत नाही. बाबा कूलरमधलं पाणी संपलं असं पोरगं बाहेर मायनस पंचवीस असताना ओरडतं.

ओव्याच्या धुरीचं पण सांगून टाकतो. आईने फोनवर सांगितलं, बाळाला आंघोळीनंतर धुरी द्या रे. दिली. स्मोक अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग जिन्याने खाली, आम्ही टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन सगळ्यांच्या मागे. त्यामुळे धुरी नको, तेल लावा भरपूर. आणि तेल लावून कोवळ्या उन्हात ठेवायचं हा आपला प्रकार इथे हिवाळ्यात कामाचा नाही, ऊन दिसतं पण एवढं तिरपं असतं की त्यातून व्हिटॅमिन डी काही मिळत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला इथले डॉक्टर सांगतात, ते विसरू नका.

आता मुद्द्याचं. एकदा मी आईशी बोलताना म्हटलं की इथे बाहेर पडताच येत नाही, तर ती म्हणाली, काहून? उन्हाळ्यात आपण काय दोन महिने घरात बसतो का? आणि खरंच ना बे. आपण उन्हाळ्यात पोट्ट्यांना कोंडत नाही, वेळ पाहतो. अकरा ते पाच घरात, कूलरपुढे, पन्हं पिऊन, आणि सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी सातनंतर अंबाझरी तलावावर. इथे त्याच्या उलटं, दुपारी बारा ते दोन बाहेर. आणि आपल्याला मारते ती लू, म्हणजे नुसतं ऊन नाही, वारा. इथे पण तेच आहे. त्यामुळे फोनवर टेंपरेचर नका पाहू, विंड चिल पहा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला किती थंडी लागते ते. मायनस वीस आणि वारा नाही, ऊन पडलेलं, तर मुलं मजेत घसरगुंडी खेळतात. विंड चिल मायनस २८ च्या खाली गेलं की मात्र उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, गाल आणि कानाची पाळी आधी, मग घरातच बरं.

कपड्यांचं म्हणाल तर आपण विदर्भातले, कापूस म्हणजे आपला जीव, पण आतून सुती घातलं की पोरगं पळून घामेजतं आणि तोच घाम अंगावर गार पडतो. आत थर्मल, वर आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर (बाजारातल्या कुठल्याही फ्लीसपेक्षा भारी, लिहून घ्या), सगळ्यात वर वारा अडवणारं. हातात बोटांचे ग्लोव्ह्ज नको, मिटन्स, बोटं एकमेकांना चिकटून गरम राहतात. आणि कारसीटमध्ये फुगीर जॅकेट घालून बेल्ट लावू नका, धडक बसली तर जॅकेट दबतं आणि बेल्ट सैल पडतो. आधी बेल्ट, मग वरून ब्लँकेट.

मुलाला जॅकेट घालण्यात माझी दहा मिनिटं जायची आणि हात बाहीत अडकला की दोघंही रडकुंडीला. डेकेअरमधल्या मॅडमनी त्याला एक युक्ती शिकवली. जॅकेट जमिनीवर उघडं पसरायचं, टोपीची बाजू आपल्या पायाकडे, वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि जॅकेट डोक्यावरून मागे उलटवायचं. झालं, चार सेकंद! त्याने व्हिडिओ कॉलवर आजीला करून दाखवलं तर आजीने तिकडे स्वतःचं स्वेटर पलंगावर पसरलं आणि आजोबा ओरडले, अगं कंबर सांभाळ.

आणि मागच्या आठवड्याचं ऐका. नागपूरहून आणलेला लाकडी नंदी आहे आमच्याकडे, तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या पोट्ट्यांच्या पोळ्याचा. पोराने त्याला बाहेर काढला तर चाकं बर्फात फसली. मग त्याने काय केलं, नंदी स्लेडवर बसवला, दोरी धरली आणि निघाला शेजारी, भर जानेवारीत पोळा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची बेल वाजवली आणि म्हणाला, आजी, बोजारा! त्यांना काय कळणार, माझ्याकडे बघितलं, मी आपला हातवारे करून सांगून राहिलो बैल, सण, दाराशी आलेल्या पोराला काहीतरी द्यायचं. त्या आत गेल्या आणि एक छोटं संत्र आणून नंदीपुढे ठेवलं. पोराने तिथेच मिटन काढून सोललं, एक फोड तोंडात टाकली, आणि मला हळूच म्हणाला, बाबा, आपलं नाही आहे हे.

चला, आता बोरन्हाण. बोरं मिळाली नाहीत, चुरमुरे, हलवा, गोळ्या आणि क्रॅनबेरी आहेत. सगळ्या पोट्ट्यांचे काळे कपडे स्नोपँटच्या आत आहेत, तेव्हा आधी ते सगळं काढायला घ्या, दहा मिनिटं त्यातच जातील.