हाड द्यायचं तर कोणतं, आणि कसं

श्रोतेहो, नमस्कार.

आखाड संपत आला की माझ्या दवाखान्यात एक ठरलेलं दृश्य दिसतं. रविवारी घरोघरी मटण शिजतं आणि सोमवारी सकाळी कुणीतरी आपला पॉमेरेनियन कुत्रा छातीशी धरून दारात उभं असतं. "डॉक्टर, कालपासून नुसता ओकतोय." पोटाला हात लावला तर ते फळीसारखं ताठ. एक्स-रे काढला की आतड्यात हाडाच्या कपच्या दिसतात. मग हळू आवाजात कळतं, "रश्शातली हाडं घातली होती, थोडीशीच."

शिजलेलं हाड कुत्र्याला कधीही घालू नका. कोंबडीचं नको, बोकडाचंही नको. शिजल्यावर हाडाचा चिवटपणा जातो, दाढेखाली ते तडकतं आणि त्याची टोकं सुईसारखी होतात. शिवाय रश्शात कांदा-लसूण असतो. तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

मग कच्चं द्यावं का? ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३पासून कच्च्या मांस-हाडांच्या आहाराचा जोरदार पुरस्कार केला आणि ती पद्धत जगभर गेली. उलट अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२मध्ये कच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली. माझं मत विचाराल तर रोजचं मांस उकडूनच द्या. हाड मात्र अधूनमधून कच्चं द्यायला माझी हरकत नाही, पण ते निवडून, आणि समोर बसून.

पाच किलोच्या कुत्र्याचा जबडा केवढासा! त्याला नळी देऊ नका. नळीवर वरची मोठी दाढ उभी चिरते, आणि नळीचा गोल तुकडा खालच्या जबड्यात कडं घातल्यासारखा अडकतो. भूल देऊन तो कापून काढावा लागतो. साधी खूण सांगते: हाडावर अंगठ्याचं नख दाबा. नख जराही रुतत नसेल तर ते हाड त्याच्यासाठी नाही. कोवळ्या बोकडाच्या बरगडीचा कुर्चेकडचा भाग चालतो, किंवा कोंबडीचा अख्खा पंख, कातडी काढून. तुकडे करून मागू नका. हाड त्याच्या तोंडापेक्षा मोठं हवं, म्हणजे चावल्याशिवाय गिळता येत नाही.

कोंबडीची मान लोक हौसेने देतात, पण मला ती नको वाटते. छोटं कुत्रं ती अख्खी गिळू पाहतं. शिवाय २०१८मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या अभ्यासात कच्ची कोंबडी खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये लुळेपणाच्या एका आजाराचा धोका जास्त आढळला. तो मागच्या पायांपासून सुरू होतो. कोंबडीतल्या कॅम्पायलोबॅक्टर जिवाणूशी त्याचा संबंध जोडला जातो. हा धोका पंखालाही लागू आहे, म्हणून माझी पहिली पसंती बरगडीलाच.

आमच्या घरी मी बरगडीचं एक टोक सांडशीत धरते. आमची कुत्री मान तिरकी करते, डोळे अर्धे मिटते आणि मागच्या दाढांनी कटकट चावत राहते. दहा-पंधरा मिनिटांत उरेल ते काढून घेते. आठवड्यातून एकदा, एवढंच. दुसऱ्या दिवशी शी पांढरी, खडूसारखी झाली तर हाड जास्त झालं असं समजायचं.

मांस सकाळी डोळ्यांसमोर कापून घ्या आणि थेट घरी आणा. फ्रीझरमध्ये जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. गोठवलेलं हाड ओट्यावर ठेवू नका, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. खायला घालायचं ते फरशीवर, सोफ्यावर नाही. नंतर फरशी, सांडशी आणि हात साबणाने धुवा. कुत्रं धडधाकट दिसलं तरी त्याच्या शीतून साल्मोनेला जिवाणू बाहेर पडू शकतो. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा कर्करोगावर औषधं घेणारं कुणी असेल तर कच्चं काहीच नको.

आता जे सांगायला मी खरं म्हणजे आले ते. शेळी-मेंढीची कलेजी आणि फुफ्फुसं कच्ची घालू नका. त्यांत पाण्याने भरलेले फोड असू शकतात. कुत्र्याने ते खाल्ले की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा फीतकृमी वाढतो, आणि कुत्रं दिसायला ठणठणीत राहतं. त्या जंताची अंडी शीतून पडतात, केसांना चिकटतात आणि कुरवाळणाऱ्या पोराच्या हातावाटे त्याच्या पोटात जातात. मग त्याच्या यकृतात हायडॅटिडची, म्हणजे तशाच पाण्याच्या फोडाची, गाठ वाढत राहते, कधीकधी कित्येक वर्षांनी कळते. कलेजी चांगली उकडून द्या. प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुकानामागे भटक्या कुत्र्यांना कच्ची फुफ्फुसं टाकली जात असतील तर खाटीकदादांनाही हे सांगा. बहुतेक जण ऐकतात, माझा तसा अनुभव आहे.

आणि हाड खाल्ल्यावर कुत्रं पंजाने तोंड ओरबाडू लागलं, लाळ गळू लागली किंवा कुंथूनही शी होईना, तर तेल पाजत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. नमस्कार.