किल्ल्यावरची गवळण आणि फळीवरचा ग्रोव्हर

(सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी वाड्याच्या अंगणात किल्ला केलाय, त्यांच्याशी मला आधी बोलायचंय. त्यांना माझा विषय निम्मा आधीच ठाऊक आहे.

दिवाळीच्या आठ दिवस आधी आई आम्हां भावंडांना कुंभारवाड्यात न्यायची. किल्ल्यावरची चित्रं घ्यायला. हल्ली सरसकट मावळे म्हणतात, आमच्या घरी चित्रंच म्हणायचे. सिंहासनावरचे महाराज मिळायचेच, दोन भालदार मिळायचे, तोफ मिळायची. मला हवी असायची डोक्यावर घागर घेतलेली गवळण. ती एखाद्या वर्षी असायची, एखाद्या वर्षी नसायची. एकदा मिळाली तर रिक्षातच तिची मान मोडली. मी काडेपेटीतली काडी आत खुपसून डिंकाने मान बसवली आणि लाल ओरखडा दिसू नये म्हणून तिला विहिरीकडे तोंड करून उभी केली. महाराज सिंहासनावर बसले की गड झाला, हे खरंच. पण खाली पाणी भरणारं कुणी नसेल तर मला त्या गडावर वस्ती आहे असं वाटत नसे.

हे सगळं सांगतोय कारण पुढे मी ज्यांची गोष्ट सांगणार आहे ते साता समुद्रापलीकडचे, टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या छोट्या प्लास्टिकच्या पुतळ्या जमवणारे लोक आहेत, आणि तेही अशीच एक गवळण शोधत असतात.

मी एकतीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली. डाय आणि मोल्ड, म्हणजे साचे, हा माझा धंदा. बाहुल्यांशी संबंध आला तो मुलीमुळे. २००६ साली टीव्हीवर ‘गली गली सिम सिम’ हा मुलांसाठीचा बाहुल्यांचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ती चार वर्षांची होती. तिची आवडती चमकी: शाळेचा गणवेश, दोन वेण्या, वय वर्षं पाच. मधेमधे मूळ अमेरिकन कार्यक्रमातले तुकडे हिंदीत लागायचे. ‘सेसमी स्ट्रीट’ तिकडे १० नोव्हेंबर १९६९ पासून चालू आहे. त्या तुकड्यांत अर्नी आणि बर्ट हे दोन मित्र असायचे आणि ग्रोव्हर नावाचा निळा, हडकुळा, मदतीला धावणारा प्राणी. मुलीने ग्रोव्हर मागितला. मी रविवारी जुन्या बाजारात गेलो. ग्रोव्हर मिळाला नाही, पण पितळी अडकित्त्यांच्या ढिगाशेजारी रंग उडालेला एक रबरी अर्नी मिळाला. बर्ट नव्हता. तिथून मी जो अडकलो तो अडकलोच.

एक गोष्ट माझ्यातल्या कारागिराला त्याच दिवशी खटकली. अर्नीचे डोळे चुकले होते. टीव्हीवर तो समोरच्याकडे बघतो, आमचा रबरी अर्नी कुणाकडेच बघत नव्हता. पुढे कारण समजलं. या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन, आणि त्यांच्यासाठी बाहुल्या घडवणारे डॉन सालिन. सालिन हे बुबुळं मुद्दाम किंचित नाकाकडे ओढून लावत. दोन डोळे आणि नाक यांचा एक त्रिकोण होतो आणि नजर एका जागी ठरते. बाहुलीचा जीव त्या त्रिकोणात असतो. सहा इंची पुतळीत हे बुबुळ जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं. रंगाचा ठसा अर्धा मिलिमीटर सरकला तरी चेहरा मरतो. खोकं न उघडताही जाणकार संग्राहक आधी डोळे बघतो ते याच्यासाठी. त्याला खोडी काढणारा म्हणू नका.

दुसरी गंमत हाताची. हेन्सन यांच्या बहुतेक बाहुल्या डावखुऱ्या वाटतात. चालवणाऱ्याचा उजवा हात डोक्यात, तोंड हलवण्यात गुंतलेला असतो, म्हणून बाहुलीचा हात हलवायला त्याचा डावाच उरतो. अर्नीचे हात म्हणजे माणसाचेच हात हातमोज्यात घातलेले, त्यामुळे त्याला दोन माणसं लागतात. बर्टचे हात काड्यांवर चालतात आणि तो एकट्याने चालवता येतो. पुतळी घडवणाऱ्याने हे पाहिलं असेल तर अर्नीची बोटं कशाला तरी धरतील अशी असतात आणि बर्टचे हात जरासे ताठ. पाहिलं नसेल तर दोघांना एकच पंजा जोडलेला असतो. आणि पाय? बहुतेक बाहुल्यांचे पाय आपण क्वचितच पाहतो. चालवणारा खालीच तर उभा असतो. पुतळीला मात्र पाय लागतात, नाहीतर ती फळीवर उभी कशी राहणार? म्हणजे आपण ज्यांना ओळखतो त्यांच्या शरीराचा निम्मा भाग पुतळीकाराने मनाने रचलेला असतो. मला ही फार मोठी जबाबदारी वाटते.

आता आशेकडे येतो.

संग्राहक काय मागतात ते ऐका. कर्मिट बेडूक मागत नाहीत, तो येणारच असतो. १९५५ साली हेन्सन यांनी आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून तो शिवला आणि पिंगपाँगचा चेंडू कापून डोळे केले. तो तर त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष. ते मागतात डॉन म्युझिक, चाल सुचली नाही की पियानोवर डोकं आपटणारा. ते मागतात पहिल्या वर्षीचा ऑस्कर. कचऱ्याच्या डब्यात राहणारा हा तिरसट गडी आज हिरवा आहे, पण पहिल्या हंगामात तो नारिंगी होता. नारिंगी ऑस्कर मागणारा माणूस विचित्र नाही. त्याने तो त्या रंगात पाहिलाय.

मग हे का मिळत नाहीत? इथे मी माझ्या धंद्याचं बोलतो. पुतळी म्हणजे मोल्ड. स्टीलच्या दोन ठोकळ्यांत कोअर आणि कॅव्हिटी, म्हणजे आतला उंचवटा आणि बाहेरची पोकळी, कोरायची, नाकाखाली, हनुवटीखाली अंडरकट, म्हणजे साचा उघडताना अडकेल असा खोलगट भाग, आला की स्लायडर, म्हणजे बाजूला सरकणारा तुकडा, द्यायचा, पार्टिंग लाइन, म्हणजे ठोकळे जुळतात ती रेघ, कानामागून अशी काढायची की चेहऱ्यावर रेघ दिसणार नाही. हे काम पाचशे नगांना करा नाहीतर पन्नास हजारांना, मोल्डचा खर्च तोच. कर्मिट पन्नास हजार विकतो, म्हणून त्याच्या मोल्डचा खर्च सुटतो. डॉन म्युझिकचा सुटेल का, या प्रश्नापाशी कंपनीचा माणूस थांबतो. एका पेटीत मुख्य पात्रं जास्त आणि बाजूची एखाददुसरी भरतात. दुकानात मुख्य पात्रं पडून राहतात, बाजूचं पात्र पहिल्याच तासाला कुणीतरी उचलून नेतं, आणि दुकानदाराला मात्र दिसतात न खपलेल्या पेट्या. तो पुढची ऑर्डर कमी करतो. मालिका सहसा इथेच खुंटते.

अमेरिकेतल्या पॅलिसेड्स या कंपनीने २००२ पासून ‘मपेट शो’ या हेन्सन यांच्याच बाहुल्यांच्या कार्यक्रमातल्या पात्रांच्या पुतळ्या काढल्या. कोपऱ्यातल्या पात्रांपर्यंत पोचण्याची हिंमत त्यांनी केली. स्वयंपाकघर, प्रयोगशाळा असे देखावेही दिले. जगभरचे संग्राहक अजून त्यांचं नाव मायेने घेतात. पुढे त्यांनी ‘सेसमी स्ट्रीट’ची मालिका आखली, नमुने लोकांना दाखवले. २००६ मध्ये कंपनीच बंद झाली आणि ती मालिका तशीच राहिली. त्या नमुन्यांचे फोटो लोकांनी वर्षानुवर्षं जपलेत. हाती न आलेल्या वस्तूचा फोटो जपणाऱ्याला आपण काय म्हणाल ते म्हणा. माझ्याकडेही एक छापलेला आहे, आणि तो मी फेकणार नाही.

नंतर आशा दुसऱ्या दारातून आली. प्लास्टिकचे ठोकळे जोडून खेळायची खेळणी करणाऱ्या लेगोने २०२० मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ची ती गल्लीच काढली, १,३६७ तुकड्यांची, आणि २०२२ मध्ये मपेटची बारा पात्रं. यात मला हिशेब आवडला. धड, हात ठरलेल्या मापाचे, डोकी मात्र प्रत्येकाची नवी ओतलेली. खर्च जिथे ओळख आहे तिथे केलाय. त्यात एक उणं आहेच: सगळे एकाच उंचीच्या आसपास येतात. मूळ बिग बर्ड आठ फूट दोन इंच आहे हो! तो अर्नीपेक्षा थोडाच उंच दिसला की मला काहीतरी हरवल्यासारखं होतं.

पुण्यात बसून हे गोळा करणं २०२० नंतर आणखी अवघड झालं. त्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. देशी खेळणी करणाऱ्याच्या बाजूने मी आहे, सावंतवाडीची लाकडी फळं माझ्या घरात आहेत. पण एका निळ्या ग्रोव्हरसाठी जवळजवळ त्याच्याच किमतीइतकं शुल्क भरताना जीव तुटतो. शिवाय आपला पावसाळा. जुन्या पीव्हीसीतलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू वर येतं आणि पुतळी चिकट होते, मग दमट हवेत तिच्यावर धूळ बसते ती निघता निघत नाही. मी जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांना खोक्याबाहेर काढतो, बंद प्लास्टिकमध्ये ठेवत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं. स्पिरिट लावू नका, रंग जातो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, या पुतळ्यांत आपल्याकडचं कुणी का नाही. माझंही तेच दुखणं आहे. पाध्ये घराण्याच्या अर्धवटराव आणि आवडाबाई या बोलक्या बाहुल्यांना महाराष्ट्र ओळखतो. रामदास पाध्ये यांनी विष्णुदास भावे यांच्या जुन्या लाकडी बाहुल्याही पुन्हा उभ्या केल्या. सिंधुदुर्गात पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे, परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी पद्मश्री मिळाली. अर्धवटरावांचं डोकं मुळात टणक आहे, त्यामुळे प्लास्टिकमध्ये ते मऊ कापडी कर्मिटपेक्षा कितीतरी खरं उतरेल. खालचा ओठ वेगळा, भुवया वेगळ्या, पाठीत एक छोटी कळ. मोल्ड मी डोळ्यांपुढे बघू शकतो. पण एकटे अर्धवटराव आले तर मला नकोत. आवडाबाई शेजारी हव्यात. बर्टशिवाय अर्नी घेऊन मी कितीतरी वर्षं काढलीत. बर्ट स्वतः बाटलीची झाकणं आणि पेपरक्लिपा जमवतो, म्हणजे तो आपल्यातलाच, आणि नेमका तोच फळीवर नव्हता. शेवटी मुलीने तिच्या पहिल्या पगारातून आणून दिला.

माझ्या फळीवर चमकी अजून नाही. गेल्या दिवाळीत मी शाडूमातीत तिचं डोकं करून बघितलं, घरच्या किल्ल्यासाठी. वेण्या वाळताना दोनदा तुटल्या. तिसऱ्यांदा आत तांब्याची तार घातली आणि उन्हात न ठेवता ओल्या फडक्याखाली चार दिवस हळूहळू वाळवलं. बुबुळं लावायला मुलीला बसवलं, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तिने ती जरा आत, नाकाकडे घेतली. चमकी विहिरीपाशी उभी होती, गवळणीच्या शेजारी. ती इथे टेबलावर आणलीय. हातात घेऊन बघा, फक्त वेण्यांना धरू नका.