नवी गायिका, चौथा अल्बम

श्रोतेहो, नमस्कार.

गावातल्या भजनी मंडळाचे बुवा बदलले की पहिले काही दिवस काय होतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पेटी तीच, पखवाज तोच, झांजा वाजवणारी पोरंही तीच. पण पट्टी बदलते, अभंगांची निवड बदलते, आणि जुने श्रोते मान हलवत म्हणतात, आता पहिल्यासारखी मजा नाही. आज आपण याच्या नेमकं उलट घडलेली एक गोष्ट पाहणार आहोत. ती अमेरिकेतली आहे, टेक्सस राज्यातली. बँडचं नाव डिक्सी चिक्स आणि अल्बमचं नाव 'वाइड ओपन स्पेसेस'. 27 जानेवारी 1998ला तो बाजारात आला.

बँडची सुरुवात मात्र 1989ची, डॅलस शहरातली. मार्टी आणि एमिली अर्विन या दोघी सख्ख्या बहिणी. मार्टी फिडल वाजवायची, म्हणजे व्हायोलिनच, पण लोकसंगीताच्या ढंगानं. एमिलीच्या हातात बँजो, म्हणजे गोल, चामडं ताणलेल्या तोंडाचं, खणखणीत आवाजाचं तंतुवाद्य. त्यांच्याबरोबर वयानं मोठ्या दोन गायिका होत्या. रॉबिन लिन मेसी गिटार वाजवायची आणि लॉरा लिंच उभा बेस, म्हणजे खर्जातले सूर देणारं माणसाएवढं तंतुवाद्य. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून वाजवण्यापासून या चौघींनी सुरुवात केली. काउगर्लचा झकपक पोशाख, जुन्या वळणाची ब्लूग्रास गाणी, म्हणजे फिडल-बँजोवर चालणारं अमेरिकेतलं ग्रामीण संगीत. हळूहळू कार्यक्रम मिळू लागले, तीन अल्बमही निघाले. 1992मध्ये रॉबिन बाहेर पडली, कारण तिला ब्लूग्रासशी तडजोड नको होती. मग मुख्य गाणं लॉराकडे आलं. टेक्ससमध्ये नाव होतं, पण गाडी त्याच्या पुढे काही सरकेना.

आता यात लॉइड मेन्स येतात. हे स्टील गिटारचे नावाजलेले वादक. आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना हवाईयन गिटार ठाऊक आहे, मांडीवर किंवा टेबलावर आडवी ठेवून, तारांवर पोलादी पट्टी सरकवत वाजवतात ती. तिलाच पुढे पाय लावले, पायडल बसवले, आणि कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय संगीतातला तो हुंदका दिल्यासारखा ओढलेला सूर तयार झाला. लॉइड मेन्स या बँडच्या रेकॉर्डिंगला साथीला बसत असत. त्यांची मुलगी नॅटली, टेक्ससच्याच लबक गावची. तिच्या गाण्याची टेप वडिलांकडून या बहिणींपर्यंत पोचली. 1995मध्ये नॅटली बँडमध्ये आली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. लॉरा लिंच बाहेर झाली.

हा भाग गोड नाही, आणि तो गोड करून सांगायचं मला कारणही दिसत नाही. लॉरानं आपणहून बँड सोडला असं म्हणता यायचं नाही. मोठ्या कंपनीचं दार किलकिलं झालं होतं आणि बहिणींना वेगळा आवाज हवा होता. सहा वर्षं खस्ता खाणारी बाई नेमकी यशाच्या उंबरठ्यावर मागे राहिली. व्यवसाय म्हणून निर्णय बरोबर ठरला, हे आकडे सांगतात. माणूस म्हणून तो कसा होता, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

सोनी कंपनीनं मॉन्युमेंट हे जुनं लेबल पुन्हा सुरू केलं आणि त्यावर या तिघींचा अल्बम काढला. निर्माते होते पॉल वर्ली आणि ब्लेक चॅन्सी. कंट्री संगीताची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिल शहराची एक रीत आहे. बँड कुठलाही असो, स्टुडिओत वाजवायला बहुधा तिथलेच ठरलेले, तरबेज वादक बसतात. बँडची मंडळी गाण्यापुरती. इथं मात्र फिडल मार्टीचं आणि बँजो एमिलीचाच आहे. काळही लक्षात घ्या. त्याच सुमारास शनाया ट्वेन ही गायिका कंट्रीला पॉपच्या अगदी शेजारी नेऊन बसवत होती आणि धो धो खपत होती. अशा वेळी बँजो पुढे ठेवून उभं राहायला धाडस लागतं.

माझ्या मते या अल्बमची खरी गंमत इथंच आहे. नव्या गायिकेमुळे बँड जुन्या वाद्यांपासून दूर गेला नाही; उलट त्या वाद्यांना शोभेल असा धारदार आवाज त्यांना पहिल्यांदा मिळाला. नॅटली थोडं नाकात गाते, उच्चार पश्चिम टेक्ससचा, आणि शब्द लाडिकपणे न गोंजारता सरळ समोर टाकते. काउगर्लचा पोशाखही तिनं मोडीत काढायला लावला, तेही बरंच झालं.

शीर्षकगीत सुसान गिब्सन या गायिकेनं कॉलेजात असताना लिहिलेलं. तिच्या बँडचं रेकॉर्डिंग लॉइड मेन्स करत होते, तिथून ते गाणं इकडे आलं. पुन्हा लॉइडच! घर सोडून दूर निघालेल्या मुलीचं हे गाणं आहे. शेवटी आईवडील तिला पोचवून परत निघतात, आई खिडकीतून बघत राहते, आणि वडील गाडीतून ओरडून काय सांगतात, तर गाडीचं ऑइल बघत जा! मुलगी परगावी शिकायला ठेवून परतणारा कुठलाही बाप असंच काहीतरी बोलेल. 'यू वेअर माइन' मात्र दोघी बहिणींनी स्वतः लिहिलेलं, आईवडिलांच्या घटस्फोटावरचं. बहिणींच्या घरातलं दुःख गायचं नव्यानं आलेल्या मुलीनं, आणि ती ते कुठेही रडवेलं न करता गाते.

बाराही गाणी सारखी नाहीत. एकदोन संथ गाणी नॅशव्हिलच्या साच्यातून काढल्यासारखी आहेत, ती मी गाळून पुढे जातो. शेवटचं, बॉनी रेट या गायिकेचं जुनं ब्लूज ढंगाचं गाणं मात्र चुकवू नका. तिथं तिघीही मोकळ्या सुटल्या आहेत.

या अल्बममधली तीन गाणी कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. 1999मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं, आणि एकट्या अमेरिकेत किमान एक कोटी वीस लाख प्रतींची नोंद झाली. पुढे 2003मध्ये लंडनच्या मंचावर याच नॅटलीनं इराकवरच्या हल्ल्याआधी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याबद्दल सडेतोड वाक्य टाकलं आणि कंट्री रेडिओनं त्यांची गाणी लावणं बंद केलं. 2020मध्ये बँडच्या नावातलं 'डिक्सी' गेलं; अमेरिकेच्या दक्षिण भागाचं हे जुनं टोपणनाव गुलामगिरीच्या काळाशी जोडलेलं आहे. आता त्या नुसत्या 'द चिक्स' आहेत. लॉरा लिंच डिसेंबर 2023मध्ये टेक्ससमध्येच मोटार अपघातात गेली.

आता शीर्षकगीत ऐकू या. आपल्या कानांना एका वेळी एकच सूर ऐकायची सवय असते, म्हणून ध्रुवपदाला जरा लक्ष द्या. नॅटलीच्या आवाजाच्या आजूबाजूला मार्टी आणि एमिली वेगवेगळ्या सुरांत गातायत. आणि पुढे कधी जमलं, तर 1993चा त्यांचा 'शुडन्ट अ टोल्ड यू दॅट' मिळवून ऐका. त्यात मुख्य गायिका लॉरा आहे, आणि तिच्या साथीला स्टील गिटारवर लॉइड मेन्स.