दाराशी ठेवलेला डबा

ही पिशवी बघा, दाराच्या कडीला अडकवलेली. बेल मुद्दामच वाजवलेली नाहीये. आतलं माणूस रात्रभर हॉस्पिटलमध्ये बसून पहाटे घरी आलंय, आत्ता कुठे डोळा लागला असेल. आता आपण बेल वाजवून त्याला उठवायचं, मग त्याने केस सारखे करून दार उघडायचं, आपल्याला बसा म्हणायचं आणि सगळी कहाणी पहिल्यापासून परत सांगायची... म्हणजे आपण डबा आणला की काम आणलं?

"काही लागलं तर हक्काने सांग" असं आपण सगळेच म्हणतो, मी पण म्हणते. पण अशा वेळी काय लागतंय हे सुचायला डोकं जाग्यावर नसतं ना. त्यापेक्षा सरळ मेसेज टाकायचा, "गुरुवारी सात वाजता चौघांचं जेवण दाराशी ठेवतेय, काय चालत नाही तेवढंच सांग, नको असेल तर नुसतं नको लिही." बास.

काय चालत नाही हे मात्र विचारायचंच हं. किमो चालू असेल तर कित्येकांना गरम जेवणाच्या नुसत्या वासानेच मळमळतं, गार किंवा कोमट असेल तर दोन घास तरी जातात, तोंडाला धातूसारखी चव येत असते म्हणून काहींना स्टीलपेक्षा प्लॅस्टिकचा चमचा बरा वाटतो, आणि तोंड आलेलं असेल तर तिखट-आंबट बादच. डायलिसिसवाल्यांना बऱ्याचदा मीठ, पोटॅशियम, अगदी पाणीसुद्धा मोजून असतं, त्यामुळे ताकद येईल म्हणून प्रेमाने नेलेला फळांचा ज्यूस उलट नडू शकतो. प्रेम वगैरे सगळं ठीक आहे, किडनीला ते कळत नाही.

आणि पेशंटच्या नादात त्याचं करणारं माणूस विसरू नका. ते ओट्यापाशी उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकत असतं. त्याच्यासाठी एक छोटा डबा वेगळा, एका हाताने खाता येईल असं काहीतरी.

दाराशी ठेवायचं म्हटल्यावर घड्याळ बघावं लागतं. शिजलेलं अन्न बाहेर २ तासांच्या वर ठेवू नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू भराभर वाढतात. त्यामुळे ते कधी उचलतील याची खात्री नसेल तर फ्रीजमधून गारच काढायचं, बर्फाच्या पॅकसोबत द्यायचं. झाकणावर चिठ्ठी: आत काय आहे, कधी केलं, कसं गरम करायचं. आणि खाली मोठ्या अक्षरात, डबा परत नकोय. हे लिहाच, नाहीतर ओट्यावर घासलेल्या डब्यांची रांग लागते आणि कुठला कुणाचा ते आठवत बसायचं काम परत त्यांच्याच गळ्यात.

पहिल्या आठवड्यात सगळेच धावतात. एकाच दिवशी पाच डबे, फ्रीजमध्ये जागा नाही, निम्मं फेकलं जातं आणि फेकताना त्यांनाच अपराधी वाटतं. म्हणून कुणीतरी एकाने यादी धरायची, वार वाटून घ्यायचे. ही बघा इथली यादी, पहिले दोन आठवडे खच्चून भरलेत, तिसऱ्यात तीन नावं.

पाचव्या आठवड्यातला मंगळवार अजून रिकामा आहे.