आउटबोर्डचा फ्युएल पंप गळतोय? नवीन आणायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! हे बघा, होडीच्या मागे टांगतो त्या आउटबोर्ड इंजिनाचं कव्हर काढलं आणि लगेच पेट्रोलचा वास आला, आणि हा पंप खालून ओलाय. असं दिसलं की आपण काय म्हणतो, पंप गेला. मी पण म्हणालो होतो एकदा, नवीन आणला, बसवला, दुसऱ्या दिवशी परत थेंब! गळत होता वरचा पाईप, क्लिप सैल झालेली, पेट्रोल ओघळत पंपावर यायचं आणि मी बिचाऱ्या पंपाला शिव्या देत बसलो.

तर आधी शोधायचं. होडी उघड्यावर हवी, किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी काढून ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि सिगरेटवाल्याला लांब पाठवा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, उडून जात नाही, होडीच्या तळाशी साचून राहते. आता सगळं कोरडं पुसा, आणि पाईपवरचा हा रबरी बल्ब, बाण इंजिनाकडे करून, उभा धरून कडक होईपर्यंत दाबा. मग टिश्यूचा तुकडा घेऊन वरून खाली एकेक जोड टिपत या, सगळ्यात वरती जिथे ओला होईल तिथेच गळती. खाली जे दिसतं ते नुसतं ओघळलेलं.

पाईपच्या तोंडाशी असेल तर सुटलात, पाईप आणि क्लिप बदला. पंपाच्या थरांमधून पाझरत असेल तर आतलं पॅकिंग नाहीतर डायफ्राम, म्हणजे पेट्रोल खेचणारा पातळ पडदा, गेलाय, पंप खोलावा लागेल.

पण मला खरी भीती वाटते ती न दिसणाऱ्या गळतीची. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसचा, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या बंद पेटीतला दाब वरखाली होतो, त्या दाबावरच डायफ्राम हलतो आणि पेट्रोल खेचतो. आता ह्या डायफ्रामला भोक पडलं तर पेट्रोल सरळ क्रँककेसमध्ये, बाहेर एक थेंब नाही, नुसता धूर वाढतो आणि एखादा प्लग ओला काळा निघतो. कार्ब्युरेटरवाल्या फोर-स्ट्रोकमध्ये पंप बऱ्याचदा कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर चालतो, तिथे फुटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी काढा, लेव्हल न भरता वाढलेली आणि वास पेट्रोलचा, तर इंजिन अजिबात चालवू नका, ऑइल पातळ होऊन बेअरिंग खातं. पंप दुरुस्त करून ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे, मगच स्टार्ट.

चला, खोलूया. टाकीचा पाईप काढला, पंपावरचे पाईप मात्र ओढायचे नाहीत हं, जुना रबर चिकटलेला असतो आणि प्लास्टिकचं नळकं मोडलं तर झालं, त्यापेक्षा पाईपला ब्लेडने लांबट चीर द्या, नळक्यावर ओरखडा न उठवता, पाईप तसाही बदलायचाच आहे. खोलायच्या आधी पंपाच्या बाजूवर मार्करने एक तिरकी रेघ मारा, सगळ्या थरांवरून जाईल अशी, म्हणजे परत जोडताना कोण उलटं बसलंय ते लगेच दिसतं. फोटो पण काढा, स्प्रिंग उडते, मी एकदा अर्धा तास गुडघ्यावर शोधत होतो.

डायफ्राम उजेडासमोर धरा, बारीक भोकं दिसतील, किंवा कडक झालेला, सुरकुतलेला असेल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. मी एकटा डायफ्राम बदलत नाही, इंजिनाच्या मॉडेलचं पूर्ण किट टाकतो, डायफ्राम, पॅकिंग, छोटे व्हॉल्व्ह सगळं. पंपाचा पृष्ठभाग सपाट आहे का ते काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलकेच घासून बघा, जिथे चमक येत नाही तिथे खड्डा. आणि पॅकिंगला सिलिकॉन लावू नका, प्लीज! पेट्रोलमध्ये ते फुगतं, तुकडे सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातात आणि मग दुसराच व्हिडिओ शोधावा लागतो.

स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने आवळा. जास्त आवळलं की बॉडी वाकते आणि परत गळते.

हां, आणि हे सगळं कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाचं. फ्युएल इंजेक्शनवाल्याचा हाय प्रेशर पंप असा खोलायचा नाही, ते काम जाणकाराला द्या.

आता परत बल्ब कडक करा, टिश्यू फिरवा. कोरडा आला, वास गेला, की बॅटरी जोडा, इंजिनाला पाणी द्या, पाण्याशिवाय चालवलं तर इम्पेलर, म्हणजे थंड करायचं पाणी खेचणारा रबरी पंखा, जळेल, आणि स्टार्ट करून थोडा वेळ चालू द्या, हात फ्लायव्हीलपासून, म्हणजे वरच्या फिरत्या चाकापासून लांब. कधीकधी बंद इंजिनात टिश्यू कोरडा आणि थरथरायला लागलं की ओला. बंद करा, पुन्हा टिपा. कोरडा राहिला तरच कव्हर लावा.