'बज': न हलणाऱ्यांचे क्रियापद

मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो,

इंग्रजीतील 'बज' या लहानशा क्रियापदाविषयी आज बोलायचे आहे, कारण शब्दकोशात 'किंचित हलणे' एवढाच अर्थ वाचून जो कोणी ते सरसकट 'मूव्ह'च्या जागी योजतो, त्याचे वाक्य व्याकरणात बसूनही ऐकणाऱ्याच्या कानाला खटकते. खुर्ची सहज खिडकीकडे सरकवली, हे सांगायला 'बज' उपयोगी नाही. मात्र बरणीचे झाकण फडक्यात धरून, दातओठ खाऊन पिळले, बूड टेबलावर आपटून पाहिले आणि तरीही ते ढिम्म हलेना, तर 'द लिड वोन्ट बज' हेच नेमके वाक्य. कोणीतरी जोर लावलेला आहे आणि समोरची वस्तू दाद देत नाही, हा सारा प्रसंग त्या एका क्रियापदात गृहीत असतो. म्हणूनच ते बहुधा नकाराच्या सोबतीने येते, आणि होकारार्थी आलेच तर 'अखेर' किंवा 'जरासे' अशा अर्थाचा शब्द जवळ असतो.

हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधील 'बूझे' या क्रियापदावरून इंग्रजीत आला. फ्रेंच लोक आजही तो साध्या हलण्याफिरण्यासाठी बिनदिक्कत वापरतात. नकाराची ही ओढ त्याला इंग्रजीत लागली, आणि मला तीच फार मोलाची वाटते. आपल्याला ती परकी नाही. 'तसूभर' पाहा: तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, पण 'तो तसूभर हलला' असे आपण म्हणत नाही, 'तसूभरही हलला नाही' असेच म्हणतो. मुलांना 'बज' समजावताना शब्दकोशातील अर्थापेक्षा हे वाक्य अधिक कामी येईल.

माणसांच्या बाबतीत हा शब्द मतावर, अटीवर किंवा किमतीवर अडून बसण्यासाठी येतो. तेथे शब्दयोगाकडे लक्ष द्यावे: ज्या मुद्द्यावर माणूस अडला त्याच्याआधी 'ऑन' येते, ज्या भूमिकेवरून तो हटत नाही तिच्याआधी 'फ्रॉम'. त्यात निंदा आहे की कौतुक, हे शब्द सांगत नाही. हट्टी आणि निश्चयी, दोघांनाही तो सारखाच लागू पडतो. आपल्याकडे हलणे आणि हलवणे अशी दोन रूपे असतात, इंग्रजीत एकच 'बज' दोन्ही कामे करते. 'नज' मात्र वेगळे: ते हलक्या धक्क्याचे नाव आहे, समोरचा हलला की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

ब्रिटनमध्ये बाकावर जागा करून घेताना 'बज अप' म्हणतात, म्हणजे 'जरा सरका'. हा प्रयोग होकारार्थी असून घरगुती सलगीचा आहे, अनोळखी वडीलधाऱ्यांशी बोलताना तो टाळावा. अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात आणि कॅनडात काही ठिकाणी मात्र शाळकरी मुले रांगेत मध्येच घुसण्याला 'बज' म्हणतात, तेव्हा तेथील एखाद्या मुलाने तशी तक्रार केली तर तिचा अर्थ अगदी निराळा घ्यावा लागतो.